कल्पित नगराची नामरचना : नंदुरबार जिल्ह्यातील स्थलनामांच्या आधारे एक विवेचन

१. विषयप्रवेश

संगणकाच्या पडद्यावर एखादे कल्पित नगर वसवावे, त्याचे रस्ते आखावे, त्याला पाणी व वीज पुरवावी, वस्ती वाढू द्यावी आणि मग ते नगर चित्रांच्या वा चलच्चित्राच्या रूपाने इतरांना हिंडवून दाखवावे, हा आज जगभर रूढ झालेला एक क्रीडाप्रकार आहे. ह्या क्रीडेकडे सामान्यतः स्थापत्याच्या किंवा वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले जाते. नगर सुबक दिसते की नाही, चौकात गाड्या तुंबतात की नाही, अशा गोष्टींची चर्चा होते. परंतु नगर दुसऱ्याला दाखविण्याचा प्रश्न निघाला की ही क्रीडा भाषेच्या प्रांतात येते. पाहणाऱ्याला नगरातून न्यावयाचे तर ठिकाणांना नावे असावी लागतात. आणि नाव आले की ते कोणत्या भाषेतले, कोणी ठेवलेले, केव्हाचे, शेजारच्या नावाशी त्याचे नाते काय, हे प्रश्न टाळता येत नाहीत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, कल्पित नगराला आकार रस्त्यांनी येतो, पण वय नावांनी येते. एकाच दिवशी आखलेले नगर आणि शतकानुशतके वाढत गेलेले नगर ह्यांतील भेद इमारतींच्या घडणीपेक्षा नावांच्या घडणीत अधिक स्पष्ट उमटतो. म्हणून नामरचना ही नगर पुरे झाल्यावर चढवावयाची शोभा नव्हे. ती रचनेचाच एक भाग होय. हे प्रतिपादन स्पष्ट करण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील स्थलनामांचा आधार घेतला आहे. अनेक भाषांचे थर, दोन भिन्न वसाहतपद्धती आणि अलीकडच्या काळात नव्याने वसविलेली गावे, ह्या तिन्ही गोष्टी ह्या एका जिल्ह्यात शेजारीशेजारी आढळतात.

२. खेळाचे व्याकरण

ह्या क्रीडेचा इतिहास फार लांबचा नाही. विल राइट ह्यांनी १९८४ साली ‘रेड ऑन बंगलिंग बे’ हा युद्धखेळ रचला. त्यासाठी बेटे, रस्ते व कारखाने मांडीत असता, त्यांच्यावर बाँब टाकण्यापेक्षा ती मांडण्यातच गोडी अधिक आहे, असे त्यांच्या अनुभवास आले. आणि त्यातून १९८९ साली ‘सिमसिटी’ हा खेळ निर्माण झाला. जे फॉरेस्टर ह्यांच्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ (१९६९) ह्या ग्रंथातील गणिती प्रतिमानाचा त्यावर प्रभाव होता. फॉरेस्टर ह्यांच्या प्रतिमानात नगर म्हणजे घरे, उद्योग आणि लोकसंख्या ह्यांच्या एकमेकींवर अवलंबून असलेल्या राशी होत. त्यात भूगोल नव्हता. राइट ह्यांनी त्या राशींना १२० बाय १०० घरांच्या पटावर जागा दिली. तथापि नाव काय ते सबंध नगराला एकच.

पुढे २०१५ साली फिनलंडमधील टांपेरे येथील ‘कोलोसल ऑर्डर’ ह्या लहानशा संस्थेने रचलेला ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. ह्यात नगराचे विभाग पाडून प्रत्येकाला नाव देता येते, आणि २०१७ पासून रस्त्यांनाही नावे मिळू लागली. खेळणाऱ्याने नाव दिले नाही तर यंत्र आपल्या संग्रहातील नाव देते. ही नावे वृक्ष, दिशा, संख्या अशा शब्दांतून यदृच्छया उचललेली आणि पाश्चात्त्य धर्तीची असतात. परिणामी तापीच्या खोऱ्याचा उंचसखलपणा हुबेहूब उतरविलेल्या भूमीवरही मेपल आणि ओक ह्यांच्या नावांचे रस्ते उगवू शकतात. भूमी हुबेहूब उतरविणे अवघड नाही. अमेरिकी अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेल्या मोजणीतून पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची उपलब्ध झाली आहे, आणि तशी उंची ह्या खेळात भरता येते. म्हणजे भूगोल आयता मिळतो. नामावली मात्र मिळत नाही.

खेळाचा आणखी एक नियम येथे लक्षात घ्यावयास हवा. ‘सिटीज : स्कायलाइन्स’मध्ये वस्तीसाठी भूमी राखावयाची ती रस्त्याच्या कडेनेच. रस्त्याच्या दोन्ही अंगांस सुमारे ८ मीटर बाजूचे चौकोन उमटतात आणि ते चार ओळींपर्यंतच आत जातात. त्यापलीकडे घर आपोआप उभे राहत नाही. ‘आधी रस्ता, मग घर’ हे ह्या खेळाचे मूलभूत वाक्य होय. वाक्यरचना बदलली की अर्थ बदलतो, तद्वत ज्या प्रदेशात घर आधी आणि वाट मागून येते, त्या प्रदेशाचे चित्र ह्या नियमाने काढू गेल्यास ते मुळातच निराळे होते. नंदुरबार जिल्ह्याचा निम्मा भाग असा आहे.

३. दोन वसाहतपद्धती

नंदुरबार जिल्हा धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिली कुळातील वसावी, मावची, पावरी अशा बोली, सपाटीवरची अहिराणी, गुजर समाजाची गुजरी, व्यापारात व शेजारामुळे रुळलेली गुजराती, आणि राजभाषा म्हणून मराठी, असा येथला भाषिक संसार आहे. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत पडते, आणि तेथील पाट्यांवर दोन्ही राज्यांच्या भाषा दिसतात. ही स्थिती जिल्ह्याचे संक्षिप्त चित्रच म्हणावयास हरकत नाही.

तापीच्या सपाटीवरील गाव एकवटलेले असते. मराठीत अशा गावाचे दोन भाग मानले आहेत : वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ती ‘काळी’. पांढरीला वेस असते, चावडी असते, जातीजातींचे वा धंद्यांचे वाडे असतात. ह्याउलट सातपुड्यात घर आपापल्या शेतात, बहुधा उंचवट्यावर, एकटे उभे असते. काही घरांचा मिळून पाडा होतो आणि कित्येक पाड्यांचे मिळून महसुली दप्तरातले एक गाव. असे गाव काही किलोमीटरपर्यंत डोंगरउतारावर पसरलेले असते. त्याला वेस नसते, कारण आत आणि बाहेर ह्यांना विभागणारी एक रेषा तेथे नाही. पायवाट पडते ती घराकडून पाण्याकडे आणि घराकडून घराकडे.

ह्या भेदाचा नावांवर थेट परिणाम होतो. एकवटलेल्या गावाला एक नाव पुरते आणि पोटनावे गल्लीआळींची असतात. विखुरलेल्या गावात व्यवहाराचे नाव पाड्याचे असते. महसुली नाव दाखल्यासाठी आणि दुकानाच्या पत्रकासाठी लागते. कल्पित नगराच्या सीमेवर सातपुड्याचा पायथा दाखवावयाचा असेल, तर तेथे घरे एकेक करून हाताने मांडावी लागतील, आणि नावे गावांना नव्हे तर पाड्यांना द्यावी लागतील.

४. नावाचे घटक

बहुतेक स्थलनामांचे दोन घटक पडतात. पहिल्याला विशेषपद आणि दुसऱ्याला वर्गपद म्हणता येईल. ‘सारंगखेडा’ ह्यात ‘खेडा’ हे वर्गपद असून ते ठिकाणाची जात सांगते, तर ‘सारंग’ हे विशेषपद त्या जातीतील एक व्यक्ती निवडते. वर्गपदे संख्येने थोडी आणि टिकाऊ असतात. विशेषपदे पुष्कळ आणि बदलती असतात. प्रदेशाची ओळख सांगतात ती वर्गपदे. कल्पित नगर करणारे पुष्कळदा विशेषपदांवर कल्पकता खर्च करतात आणि वर्गपद सगळीकडे ‘नगर’ किंवा ‘पूर’ असे एकच ठेवतात. त्यामुळे नावे आकर्षक असूनही प्रदेश उभा राहत नाही.

मराठीतील प्रमुख वर्गपदे संस्कृत-प्राकृतातून झिजत आलेली आहेत. ‘ग्राम’पासून ‘गाव’, ‘खेटक’पासून ‘खेडे’, ‘वाटिका’पासून ‘वाडी’, ‘पाटक’पासून ‘पाडा’ आणि ‘नगर’पासून, प्राकृत ‘णयर’ ह्या रूपातून, ‘नेर’. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर आणि जळगाव जिल्ह्यातील अमळनेर ही ह्या शेवटच्या वर्गपदाची परिचित उदाहरणे. म्हणजे ‘नेर’ आणि ‘नगर’ हे एकाच शब्दाचे दोन वयांतले चेहरे आहेत. पिंपळनेर हे नाव शतकांच्या बोलण्यातून झिजून गुळगुळीत झालेले आहे. आजच्या वसाहतीच्या पाटीवरील ‘नगर’ मात्र संस्कृतातून ताजे उचललेले आहे. कल्पित नगरात जुना गाभा ‘नेर’चा आणि नवे भाग ‘नगर’चे ठेवले, तर एकही वाक्य न लिहिता हजारएक वर्षांचे अंतर दाखविता येते.

सातपुड्याकडची वर्गपदे निराळी आहेत. ‘माळ’ हे तोरणमाळ, रोषमाळ ह्या नावांत येते. अक्कलकुव्यातील ‘कुवा’ म्हणजे विहीर. हा शब्द गुजराती-भिली प्रदेशाकडे बोट दाखवितो. अक्राणी तालुक्याच्या मुख्य ठिकाणी जी नगरपंचायत आहे तिचे अधिकृत नाव ‘धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक’ असे आहे. ह्या एका नावात तीन वस्त्या आणि किमान तीन परंपरा जोडल्या आहेत : ‘गाव’ हे मराठीच्या मुख्य धारेतले वर्गपद, ‘फळ्या’ हे भिली व गुजराती प्रदेशात वस्तीच्या घटकाला असलेल्या ‘फळी’, ‘फळियुं’ ह्यांच्या कुळातले, आणि ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुझुर्ग’चे मराठी रूप. कारभाराच्या सोयीसाठी तयार झालेले हे नाव स्थलनामाच्या अभ्यासकाला एखाद्या ताम्रपटाइतके उपयोगी आहे.

५. थर आणि परस्परसंबंध

तापीकाठच्या प्रकाशे येथील टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर ह्यांनी १९५५ साली केले. त्यात ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे चार कालखंड एकावर एक आढळले. स्थलनामांतही असेच थर असतात. फरक इतकाच की टेकाडातील थर खणल्यावाचून दिसत नाहीत आणि नावांतील थर एकाच वेळी, एकाच नकाशावर, उघडे दिसतात.

जिल्ह्यातील मध्ययुगीन कारभाराचा थर विशेष बोलका आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. शहादे तालुक्यातील सुलतानपूर ह्या नावात अरबी-फारसी विशेषपद आणि संस्कृत वर्गपद ह्यांचा सहज संयोग झाला आहे. समशेरपूर हे त्याच जातीचे नाव. ह्याच थरातून नावांना जोडावयाचे महसुली शब्द आले. ‘बुद्रुक’ म्हणजे थोरले, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे, ‘दिगर’ म्हणजे दुसरे. काथर्दे दिगर ह्या नावाचा अर्थच मुळी ‘दुसरे काथर्दे’ असा आहे. ‘तर्फ’ हा शब्द गाव कोणत्या विभागात मोडते ते सांगतो. ‘तऱ्हाडी तर्फ बोरद’ हे गाव पाट्यांवर ‘तऱ्हाडी त. बो.’ असे संक्षिप्त होऊन वावरते.

ह्या शब्दांचे महत्त्व भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोठे आहे. भाषेतील चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या विरोधातून ठरते, हा सोस्यूर ह्यांचा सिद्धांत स्थलनामांत प्रत्यक्ष दिसतो. ‘बुद्रुक’ म्हटले की कोठेतरी ‘खुर्द’ असलेच पाहिजे. ‘नवापूर’ म्हटले की त्याआधीचे काहीतरी जुने गृहीत धरले जाते. ‘वरला पाडा’ म्हणणारा मनुष्य ‘खालल्या पाड्या’चे अस्तित्व मान्य करूनच बोलतो. म्हणजे स्थलनाम एकटे नसते. ते एका जाळ्याची गाठ असते. यंत्राने दिलेली नावे निर्जीव वाटतात ती परकीय असल्यामुळे नव्हे. त्यांतील कोणतेही नाव दुसऱ्या कोणत्याही नावाची अपेक्षा करीत नाही, हे त्याचे कारण होय.

ह्याखेरीज एक सूक्ष्म थर उच्चाराचा आहे. अहिराणीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘जळगाव’चे ‘जयगाव’ होते. तेव्हा पाटीवरचे नाव आणि तोंडचे नाव ह्यांत अंतर पडते. हे अंतर दोष नव्हे. ती जिवंत नगराची खूण आहे. ज्या नगरात पाटी आणि तोंड तंतोतंत एक आहेत, ते नगर बहुधा अजून कोणी राहू लागलेले नाही.

६. एक नमुना : मोहनेर

वरील तत्त्वे एकत्र लावून पाहण्यासाठी एक नगर कल्पिता येईल. ते तापीच्या उत्तर तीरावर, एका उपनदीच्या संगमाजवळ, पाठीशी सातपुड्याचा पायथा अशा जागी आहे, नाव ‘मोहनेर’. पिंपळनेराच्या धर्तीवर वृक्षाचे विशेषपद आणि ‘नेर’ हे वर्गपद घेऊन ते घडविले आहे. मोह हा वृक्ष ह्या प्रदेशातील आदिवासींच्या अन्नाशी व विधींशी निगडित आहे. म्हणून पायथ्याच्या नगराचे नाव त्यावरून पडणे स्वाभाविक ठरते. मूळ खेळात वापरावयास मिळणारी भूमी सुमारे ३३ चौरस किलोमीटर असते. एवढ्या जागेत नगर, एक-दोन खेडी आणि काही पाडे सामावू शकतात.

पहिल्या अवस्थेत रस्ता मुळीच आखू नये. ओहोळ, टेकडी, झाडी ह्यांना नावे द्यावी आणि उतारावर सुटी घरे मांडावी. येथली नावे मराठीतून बनवून चालणार नाही. ज्या बोलीचे पाडे दाखवावयाचे ती बोली बोलणाऱ्यांकडून ती घ्यावी लागतील. दुसऱ्या अवस्थेत संगमावर पांढरी येते. वेस, चावडी, पाटीलवाडा, कुंभारवाडा ही नावे उमटतात. नदीपलीकडे दुसरी लहान वस्ती झाली की ती ‘मोहनेर खुर्द’ होते, आणि तिच्यामुळेच मूळ गावाला दप्तरात ‘मोहनेर बुद्रुक’ म्हणू लागतात. तिसऱ्या अवस्थेत गाव कसब्याचे ठिकाण बनते. बाजार ज्या वारी भरतो त्या वारावरून ‘मंगळबाजार’, तळ्याच्या अंगाला ‘तळेपुरा’, असे भाग तयार होतात. तळेपुऱ्याला पाटीवर तळेपुरा म्हणावे आणि रहिवाशांच्या तोंडी ‘तयेपुरा’ ठेवावे.

चौथी अवस्था रेल्वेची. रूळ गावापासून दूर पडले तर स्थानकाला ‘मोहनेर रोड’ असे नाव मिळेल. नाशिक रोडसारखी नावे ह्याच पद्धतीची आहेत. पुढे स्थानकाभोवतीच वस्ती वाढते आणि ‘रोड’ हे स्वतंत्र गावच होऊन बसते. पाचवी अवस्था स्वातंत्र्योत्तर काळाची. नंदुरबारमध्ये ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे चार सहकारी गोळीबारात हुतात्मे झाले. अशा घटनेने नगराच्या नकाशावर स्मृतीची नावे येतात, आणि ती जुन्या व्यवहारातल्या नावांच्या शेजारी नांदू लागतात. ह्याच अवस्थेत शिक्षकांच्या, नोकरवर्गाच्या वसाहती, मिरचीच्या व्यापाराने वाढलेले बाजार-आवार, आणि जिल्ह्याचे ठिकाण झाल्यानंतरची कचेऱ्यांची वस्ती येते. ह्या सर्वांची वर्गपदे ‘नगर’ आणि ‘कॉलनी’ ही असतील.

शेवटी नगराच्या नावाविषयी एक कथा लागते. तोरणमाळ हे नाव कोणी तोरण नावाच्या वनस्पतीवरून सांगतात, तर कोणी तोरणादेवीवरून. नंदुरबारचे नाव लोकपरंपरा नंद नावाच्या गवळी राजाशी जोडते. लोकव्युत्पत्ती शास्त्रीय व्युत्पत्तीशी जुळेलच असे नाही, पण ती लोकांच्या आत्मप्रतिमेचा पुरावा असते. त्याप्रमाणे मोहनेरच्या लोकांनी मोहाचे झाड विसरून नगराचे नाव एखाद्या ‘मोहन’ राजाशी जोडलेले असावे. खरी उपपत्ती आणि सांगितली जाणारी कथा ह्या दोन्ही हाती असल्या, म्हणजे नगर पाहणाऱ्याला सांगण्यासारखे काही असते.

७. नगर दाखविण्याची रीत

कल्पित नगर दाखविताना ते बहुधा उंचावरून दाखविले जाते. पक्ष्याच्या दृष्टीत सौंदर्य आहे, परंतु तीत नावांना काम नाही. नाव लागते ते जमिनीवर उभ्या असलेल्या, वाट विचारणाऱ्या माणसाला. म्हणून दर्शनाचा क्रम चालणाऱ्याच्या पावलांनी ठरविणे युक्त होय : नदीवरून वेशीकडे, वेशीतून बाजारात, बाजारातून स्थानकाकडे, आणि शेवटी पायथ्याच्या पाड्यांकडे.

मराठीत अशा दर्शनाची परंपरा जुनी आहे. महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरस्वामींचे जेथे जेथे वास्तव्य झाले त्या स्थळांची नोंद आहे, देवळाचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या अंगाला काय, असे वर्णन करीत ती वाचणाऱ्याला स्थळापर्यंत पोहोचविते. तिच्यात नकाशा नाही. दिशावाचक शब्द आणि नावे ह्यांवरच सगळी भिस्त आहे. स्थळ प्रत्यक्ष न पाहिलेल्या माणसाच्या मनात ते उभे करणे हे जे तिचे कार्य, तेच कल्पित नगराच्या दर्शनाचेही कार्य होय. आर. के. नारायण ह्यांच्या मालगुडीलाही नकाशावर जागा नाही. तरी १९३५ पासून वाचक त्या गावातून हिंडत आले आहेत, कारण तेथील नदी, रस्ते आणि दुकाने ह्यांची नावे पुनःपुन्हा, एकमेकांच्या संदर्भाने येतात.

ह्यावरून दर्शनाचा एक व्यावहारिक नियम निघतो. प्रत्येक नवे नाव आधी आलेल्या नावाच्या आधाराने सांगावे. ‘हा तळेपुरा’ असे म्हणण्यापेक्षा ‘मंगळबाजाराच्या खालच्या अंगाला तळेपुरा’ असे म्हटल्याने एका वाक्यात दोन स्थळे आणि त्यांचे नाते पाहणाऱ्याच्या ध्यानात राहते.

८. वसविलेली गावे

येथवरचे विवेचन खेळापुरते मर्यादित वाटण्याचा संभव आहे. परंतु नंदुरबार जिल्ह्यात कागदावर आखून गावे वसविण्याची क्रिया प्रत्यक्षात घडलेली आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व नर्मदेच्या काठची, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आहेत. मणिबेलीत १९९३ सालच्या पावसाळ्यात पाणी शिरले. विस्थापितांपैकी पुष्कळांना तळोदे व शहादे तालुक्यांच्या सपाटीवर वसविण्यात आले. डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांतून आलेल्या कुटुंबांना सरळ रस्त्यांच्या कडेने आखलेले भूखंड मिळाले. ‘घर आधी, वाट मागून’ हे व्याकरण असलेला समाज ‘आधी रस्ता, मग घर’ ह्या व्याकरणात आणला गेला.

अशा नव्या गावांपैकी दोघांची नावे रेवानगर आणि नर्मदानगर अशी आहेत. दोन्ही तळोदे तालुक्यातील. त्यांचे पृथक्करण उद्बोधक आहे. वर्गपद दोन्हींत ‘नगर’, म्हणजे कोऱ्या जागेवरच्या नियोजित वस्तीचे. विशेषपद दोन्हींत एकाच नदीचे, कारण रेवा हे नर्मदेचेच नाव. तळोदे तालुका तापीच्या खोऱ्यात मोडतो. नर्मदा वाहते ती सातपुड्याच्या पलीकडे. म्हणजे ज्या नदीपासून लोक दूर आले तीच नदी त्यांच्या गावाच्या नावात राहिली. स्थलनाम सामान्यतः जवळच्या वस्तूवरून पडते. येथे ते दूर गेलेल्या वस्तूवरून पडले आहे. वर्गपद आखणीचा इतिहास सांगते आणि विशेषपद विरहाचा.

परंतु दोन शब्दांच्या ह्या नावात जे मावले नाही ते अधिक आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावात पाड्यांची नावे होती. ओहोळांची, उतारांची, देवस्थानांच्या झाडांची नावे होती. ती महसुली दप्तरात क्वचितच आली. वाट सांगण्यासाठी, गुरे शोधण्यासाठी, सीमेचा वाद मिटविण्यासाठी ती रोज उच्चारली जात. स्थळ पाण्याखाली गेल्यावर त्या नावांना व्यवहारात काम उरत नाही, आणि ज्या शब्दाला काम नाही तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही. इमारतीचे मोजमाप कागदावर राहू शकते. बोलीतील सूक्ष्म स्थलनाम बोलणाऱ्याबरोबर जाते.

९. समारोप

कल्पित नगर वसविण्याची क्रीडा अभ्यासाच्या कामी येऊ शकते ती ह्याच ठिकाणी. भूमीची उंची मोजणीतून मिळते, आणि सुटी घरे हाताने मांडता येतात. तेव्हा जुने गाव डोळ्यांपुढे उभे करून, ते आठवणाऱ्या वृद्धांसमवेत पाडा पाडा, ओहोळ ओहोळ नावे भरीत जाणे शक्य आहे. प्रश्नावली हातात घेऊन ‘तुमच्या गावातील स्थळांची नावे सांगा’ असे विचारल्यास पाचदहा नावांपलीकडे उत्तर जात नाही. उतार समोर दिसला की त्या उताराचे नाव आठवते. नाव स्थळाला चिकटलेले असते, यादीला नव्हे. असे संकलन करताना उच्चार त्या बोलीचा जसाच्या तसा नोंदवावा, त्याला प्रमाण मराठीचे वळण देऊ नये, आणि महसुली नाव व तोंडचे नाव ही दोन्ही शेजारी ठेवावी.

मोहनेरसारख्या सर्वस्वी कल्पित नगरालाही हीच शिस्त लागू पडते. त्यातील पाड्याला नाव द्यावयाचे तर आधी खऱ्या पाड्यांची नावे ऐकली पाहिजेत. ती ऐकणे हे स्थलनामांच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात ते काम करण्यास उरलेला अवधी थोडा आहे. नर्मदाकाठच्या गावांत जे लोक १९९३ साली प्रौढ होते, ते आज पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापलीकडे आहेत.